तळघरातली सेवा

हॉस्पिटलच्या तळघरातल्या त्या बाईला सगळे 'पुन्हा-मोजा मावशी' म्हणत. हे नाव कुणी लाडाने ठेवलं असेल असं समजू नका, चांगलं वैतागून ठेवलं होतं. ऑपरेशनची हत्यारं तपासायची, मोजायची, कापडात बांधायची आणि वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक करायची, हे तिथलं काम. पोटाच्या ऑपरेशनच्या ट्रेमध्ये बेचाळीस नग. एकीने यादी वाचायची, दुसरीने नग उचलून दाखवायचा, बेचाळीस भरले की ट्रे बांधायचा, असा नियम. मावशीच्या टेबलावर मात्र बेचाळीस भरले की मावशी म्हणायची, "पुन्हा मोजा."

"आत्ताच तर मोजले," तिची जोडीदारीण म्हणायची. "एवढ्यात काय पाय फुटले त्यांना?"

"फुटतात," मावशी म्हणायची, आणि मोजायला लावायची.

बावीस वर्षं ती हेच करत होती. खोली लांबट, खिडकी नावालाही नाही, वर दोन ट्यूबलाइट, त्यातली एक कायम कुरकुरणारी. एका भिंतीत धुण्याच्या खोलीकडून हत्यारं यायची झडप, समोरच्या भिंतीत वाफेच्या यंत्राचं जाड दार, मधे स्टीलचं लांब टेबल आणि त्यावर दिवा लावलेलं भिंग. या भिंगाखाली मावशी प्रत्येक कात्रीचा सांधा उघडून बघायची, कारण रक्ताच्या कणाला लपून बसायला तीच जागा. कात्रीला धार आहे का ते ओल्या गॉजचा, त्या जाळीदार कापडाचा, तुकडा कापून बघायची. एक धागा जरी ओढला गेला तरी कात्री बाजूला. सगळ्यात लहान टोकदार चिमट्यांना डॉक्टर मंडळी मॉस्किटो म्हणतात, आणि सगळ्यात चुकारही तेच. चादरीत जातात, कचऱ्यात जातात. एकदा तर एक चिमटा खुद्द मोठ्या सर्जनच्या खिशातून निघाला. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, पण मावशीने त्याच्याकडून रजिस्टरमध्ये सही घेतली तेव्हा कुठे त्याला सोडलं.

काम चोख होतं, त्यात वाद नव्हता. वाद होता तो मावशीच्या मनात, आणि तो फार जुना होता.

तिचे वडील गावोगाव फिरून सुवार्ता सांगणारे ख्रिस्ती प्रचारक. चौदा वर्षांची असताना तिने भर उपासनेत उभं राहून सांगितलं होतं, मी माझं आयुष्य प्रभूच्या सेवेला देईन. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दोन वर्षांत आई गेली. धाकटा भाऊ सहा वर्षांचा, वडील सदा फिरतीवर. सेवा राहिली बाजूला आणि स्वयंपाकघराशी गाठ पडली. भावाला वाढवलं, शिकवलं, तो मोठा झाल्यावर ही नोकरी धरली. भाऊ चर्चचा पाळक झाला, आणि गुणी पाळक झाला. रविवारी तो उपदेशाला उभा राहिला की तिसऱ्या बाकावर बसलेल्या मावशीचा ऊर भरून यायचा. पण घरी जाताना वाटेत कुठेतरी टोचायचंच. शब्द आपण दिला आणि पाळला त्याने. आपण मात्र चिमटे मोजत बसलो.

या टोचणीवर तिने तिच्यापुरता एक उपाय काढला होता. ट्रे कापडात बांधताना तीन कोपरे दुमडून झाले की चौथा कोपरा हातात धरून ती डोळे मिटायची आणि ज्याच्यासाठी तो ट्रे उघडणार, त्या कधी न पाहिलेल्या माणसासाठी मनात एक वाक्य म्हणायची. मग कोपरा आत खोचायची. जोडीदारीण दुसऱ्या धर्माची, पण तिने यावरून कधी चेष्टा केली नाही. एवढंच म्हणायची, "तुमचं झालं की सांगा, टेप लावते." मावशीच्या लेखी तो एक क्षण देवाचा होता आणि बाकीचे आठ तास हॉस्पिटलचे. एवढ्याशा क्षणात देवाचं कसं भागत असेल, याची तिला लाज वाटायची.

एका गुरुवारी संध्याकाळी भाऊ तिच्याकडे चहाला आला आणि कप हातात घ्यायच्या आधीच बोलून मोकळा झाला.

"ताई, चर्चच्या मंडळीला पूर्णवेळ सेविका हवी आहे. घरोघरी जायचं, आजाऱ्यांना भेटायचं, बायकांची प्रार्थनासभा घ्यायची. सगळ्यांनी तुझंच नाव घेतलं. मी नाही हं सुचवलं."

"मला चार माणसांत बोलता कुठे येतं?"

"तुला बोलता येत नाही? माझं अर्धं लहानपण तुझी बोलणी खाण्यात गेलं."

मावशी हसली आणि हसता हसता रडायला लागली. सदतीस वर्षं वाट बघितल्यावर बोलावणं आलं होतं. विचार करून सांगते असंसुद्धा ती म्हणाली नाही. रविवारी उपासनेत तिच्या डोक्यावर हात ठेवून, प्रार्थना करून तिला सेवेसाठी पाठवायचं, असं तिथल्या तिथे ठरलं. भाऊ जिना उतरतोय तोवर हिने राजीनामा लिहायला घेतला होता. शुक्रवारची ड्यूटी संपली की तो द्यायचा होता.

शुक्रवारी सकाळी मावशीचे पाय जमिनीवर नव्हते. बारा ट्रे बांधायचे होते, तेव्हा तिने डब्यातून बारा पट्ट्या मोजून काढल्या. ही पट्टी म्हणजे बोटभर कागद, रंगाने फिकट पिवळा. मोजणी झाली की कापड दुमडण्याआधी तो ट्रेच्या आत हत्यारांमध्ये ठेवायचा. वाफ तिथवर पोचली की तो काळा पडतो. बाहेरच्या टेपवरून फक्त एवढंच कळतं की गाठोडं यंत्रात जाऊन आलं. वाफ आतपर्यंत गेली की नाही ते सांगणारी ही पट्टी. वर थिएटरमधली सिस्टर ट्रे उघडला की आधी पट्टी बघते. बघायला हवी, असं म्हणू या. घाईगर्दीत सगळ्याच बघतात असं नाही.

त्या दिवशी मावशीची प्रार्थना एका वाक्यात मावेना. हे आपले शेवटचे ट्रे, या विचाराने तिचं मन भरून येत होतं. चौथा कोपरा हातात धरून ती त्या माणसासाठी मागायची, मग त्याच्या घरच्यांसाठी, मग सर्जनच्या हातांसाठी, मग आपल्यामागे या टेबलाशी जी कुणी उभी राहील तिच्यासाठी. जोडीदारीण टेपचा तुकडा बोटाला चिकटवून ताटकळत उभी.

"मावशी, तुमचं होईपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जाईल," ती म्हणाली.

मावशी हसली, पण पुढचा ट्रे ओढून घेतला तरी तिचं मन मागच्याच माणसापाशी होतं. हात सवयीने चालत राहिले. बारा ट्रे यंत्रात गेले, अकराच्या सुमाराला बाहेर आले, सहा वर थिएटरमध्ये गेले, सहा फळीवर थंड होत राहिले. मावशीने टेबल पुसायला म्हणून यादीचं पॅड उचललं. त्याखाली एक पट्टी पडलेली. पिवळीधमक.

मावशीने ती उचलून उजेडात धरली.

"एखादी जास्त काढली असेल," जोडीदारीण म्हणाली.

"मी?"

जोडीदारणीने तो मुद्दा तिथेच सोडला. बावीस वर्षांत या बाईने मोजताना एक नग चुकवला नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मग ती जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "हे बघा, टेपचा रंग सगळ्यांवर बदललाय. यंत्रातून छापून निघालेला कागद बरोबर आहे. आतली हत्यारं शुद्धच असणार. ती पट्टी टोपलीत टाका आणि विसरून जा. तुम्ही तशाही चाललात."

खोटं कशाला सांगू, मावशीला मोह झाला. इतक्या वर्षांत एक ठपका नाही आणि निघताना हे? शिवाय परवा मंडळीसमोर उभं राहायचं होतं. पट्टी चिमटीत धरून ती टोपलीपर्यंत गेलीसुद्धा. आतली हत्यारं शुद्ध असतील, हे जोडीदारणीचं म्हणणं खरंच होतं. शंभरातल्या नव्याण्णव वेळा ते खरं ठरलं असतं. पण दीड वाजता कुणाचं तरी पोट उघडलं जाणार होतं, आणि ते पोट शंभरातलं कितवं हे मावशीला माहीत नव्हतं. तिने मागे फिरून फोन उचलला.

"तळघरातून बोलतेय. सकाळचे आमचे सगळे ट्रे खाली पाठवा. एकही उघडू नका."

पुढे काय झालं ते सविस्तर सांगण्यात हशील नाही. वर आरडाओरडा झाला. कोणत्या ट्रेमध्ये पट्टी नाही हे उघडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि उघडला की ट्रे पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे बाराच्या बारा ट्रे पुन्हा तपासा, पुन्हा बांधा, पुन्हा वाफ द्या. दुपारची ऑपरेशनं तीन तास पुढे ढकलली गेली आणि सगळ्यात शेवटचं, एका माणसाच्या पोटाचं, त्या दिवशी रद्दच करावं लागलं. त्याला सोमवारी दुपारी दोनची वेळ मिळाली.

इन्चार्ज सिस्टर खाली आली ती हातात फॉर्म घेऊनच. बाई कडक, पण उगाच अंगावर येणारी नव्हती. फॉर्मवर एक रकाना होता, चूक होण्याचं कारण. मावशीने लिहिलं, 'प्रार्थना करत होते.'

इन्चार्जने ते दोनदा वाचलं. "हे असं नाही लिहिता येणार. लक्ष नव्हतं, असं लिहा."

"लक्ष होतं सिस्टर. पेशंटकडेच होतं. त्याच्यासाठीच मागत होते."

"पेशंटकडे होतं?" इन्चार्जने फॉर्म टेबलावर ठेवला. "मग पेशंट होता कुठे, मावशी? वर छताला? तो तर तुमच्या हाताखाली होता, या ट्रेमध्ये."

ती हे रागाने बोलली नाही, म्हणूनच ते लागलं. इन्चार्ज कुठल्याही देवाचं नाव घेणाऱ्यातली नव्हती. तिला आपण काही मोठं बोललो असंही वाटलं नसावं, कारण लगेच तिने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "चला, लागा कामाला."

मावशी कामाला लागली. बारा ट्रे उघडले. पट्टी नव्हती ती सातव्यात. तिने पहिला ट्रे पुढे ओढला, कात्रीचा सांधा भिंगाखाली धरला आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की याहून जवळ आपण त्या माणसाच्या कधी जाणार होतो? वर जे थिएटरमध्ये उभे राहतील ते त्याचं पोट बघतील, नातेवाईक त्याचं तोंड बघतील, पण हा सांधा कुणी बघणार नाही. हा आपण बघायचा आहे. त्याच्यासाठी काय मागायचं ते तिला सुचेना, आणि मागायची गरजही वाटेना. बघणं हेच मागणं होतं. ओल्या गॉजवर कात्री सरळ चालली, धागा ओढला गेला नाही, आणि मावशीला एकदम मोकळं वाटलं. बेचाळीस नग तिने बेचाळीस वेळा त्या माणसाचं नाव घेतल्यासारखे उचलले, नाव ठाऊक नसताना. चौथा कोपरा आला तेव्हा डोळे मिटायचं तिच्या लक्षातही राहिलं नाही.

"आज प्रार्थना नाही?" जोडीदारणीने विचारलं.

"झाली," मावशी म्हणाली. "लाव टेप."

त्या दुपारी तिने बारा ट्रे बांधले आणि आठ तास हॉस्पिटलचे, एक क्षण देवाचा, ही तिची जुनी वाटणी पार मोडीत निघाली. सगळेच तास देवाचे होते. इतकी वर्षं आपण सेवेतच होतो आणि आपल्यालाच पत्ता नव्हता, या विचाराने तिला हसू आलं, आणि थोडा स्वतःचा रागही आला. पण भावाला दिलेला होकार होताच. राजीनामा शुक्रवारी दिला गेला नाही, कारण एवढा गोंधळ घालून वर तो कागद पुढे करायला तिला तोंड नव्हतं. उद्या देऊ, असं म्हणून ती घरी गेली.

शनिवारी सकाळी तळघराच्या दाराबाहेर, जमिनीवर आखलेल्या लाल रेघेच्या पलीकडे, एक बाई येऊन उभी राहिली. कमरेला पदर खोचलेला, हातात थर्मास, डोळे जागरणाने सुजलेले.

"काल ट्रे परत मागवणाऱ्या त्या तुम्हीच का?"

"मीच," मावशी म्हणाली.

"माझा नवरा सकाळपासून उपाशी होता. तीनदा म्हणाले आत नेतो, तीनदा म्हणाले थांबा. मग म्हणाले सोमवारी दोन वाजता. सगळ्यांसमोर हसत होता तो. आतून किती घाबरलाय ते मला विचारा. रात्रभर माझा हात सोडला नाही त्याने."

"चूक माझीच आहे," मावशी म्हणाली. "दुसऱ्या कुणाची नाही."

"तेही सांगितलं मला वरच्या सिस्टरने. आणि असंही सांगितलं की तुम्ही गप्प बसला असतात तर कुणाला कळलंही नसतं." बाईने थर्मास दुसऱ्या हातात घेतला. "मी भांडायला आले होते."

"भांडा ना. तुमचा हक्क आहे."

"नाही. आता एकच विचारते. सोमवारी त्याचं सामान तुम्हीच बांधणार ना? दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका."

सोमवारी मी नसेन, हे शब्द मावशीच्या ओठांवर आले होते. ते खरंही होतं. मंडळीतल्या सगळ्यांनी मिळून तिला बोलावलं होतं, तेव्हा ती आनंदाने रडली होती. या बाईने बोलावलं ते रागाने, सुजलेल्या डोळ्यांनी, लाल रेघेपलीकडे उभं राहून. पण बोलावणं कोणतं, हे ओळखायला मावशीला क्षणही लागला नाही.

"मीच बांधीन," ती म्हणाली.

संध्याकाळी ती भावाकडे हे सांगायला गेली, तर तो कुणा आजाऱ्याच्या उशाशी बसायला दुसऱ्या गावी गेलेला. रविवारी सकाळी थेट उपासनेतच गाठ पडली. मंडळी नेहमीपेक्षा जास्त जमली होती. भावाने तिला पुढे बोलावलं आणि म्हणाला, "सेवेला निघण्याआधी भगिनी आपली साक्ष देतील."

मावशीने पदर सारखा केला आणि सगळ्यांकडे तोंड केलं.

"शुक्रवारी माझ्या हातून एक चूक झाली," ती म्हणाली, आणि पट्टीची सगळी गोष्ट तिने जशीच्या तशी सांगितली. टोपलीपर्यंत गेल्याचंही सांगितलं. मग म्हणाली, "मला वाटायचं, मी प्रभूची सेवा सोडून चिमटे मोजत बसले. तसं नव्हतं. ज्यांच्यासाठी मोजते त्यांची आणि माझी गाठ कधी पडत नाही, माझं काम त्यांच्यापाशी पोचतं तेव्हा ते भुलीखाली असतात. त्यांना माझं तोंड माहीत नाही. पण ती माझीच माणसं आहेत, आणि देवाने ती माझ्या हाताखाली दिलीत. तुम्ही मला बोलावलंत, मला फार बरं वाटलं. पण मी सेविका होऊ शकणार नाही. उद्या दुपारी दोनला एका माणसाचं ऑपरेशन आहे. त्याचा ट्रे मला बांधायचाय."

पहिल्या बाकावरचे एक वडीलधारे घसा खाकरून म्हणाले, "अहो, पण ते काम काय, कुणीही करील."

"करील की," मावशी म्हणाली. "मी शिकवीन त्याला. घरोघरी जायचं कामही कुणीतरी करील. पण उद्याचं माझं आहे."

भावाचा चेहरा उतरला होता, आणि तो मावशीपासून लपवायचा म्हटलं तरी लपणार नव्हता, कारण तो चेहरा तिने लहानपणापासून धुतला होता. त्याने समोरचं पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. मग तो पायऱ्या उतरून खाली आला.

"विधी आज व्हायचा ठरलाय, तो आजच होईल," तो म्हणाला.

"अरे, मी काय सांगितलं ते..."

"ऐकलं मी ताई. कुठे पाठवायचं तेवढंच बदलायचंय." भर उपासनेत त्याने तिला ताई म्हटल्याचं त्याच्याही ध्यानात आलं नाही. "त्या माणसाचं नाव काय?"

"विचारायचं राहिलं. आमच्या यादीत नाव नसतं, वेळ असते."

ती गुडघे टेकून बसली. भावाने तिच्या डोक्यावर हात ठेवले. मागून दोघी-तिघी बायका पुढे आल्या, त्यांनी तिच्या खांद्यांवर हात ठेवले, आणि थोडं थांबून ते वडीलधारेही उठून आले.

"प्रभो," भाऊ म्हणाला, "आमच्या या बहिणीला आम्ही तुझ्या सेवेसाठी हॉस्पिटलच्या तळघरात पाठवत आहोत. तिचे डोळे आणि तिचे हात तू सांभाळ. आणि उद्या दोन वाजताच्या माणसाला..."

नावाच्या जागी तो अडखळला. त्याने पुन्हा सुरुवात करून पाहिली, तरी पुढे जाईना. तेव्हा गुडघ्यांवर बसल्या बसल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, वाक्य मावशीनेच पुरं केलं.

"त्याला आज शांत झोप लागू दे."

"आमेन," मंडळी म्हणाली.